उभी खोली, आडवी मुंबई

मुलाबाळांना घेऊन मुंबई बघायला निघालेल्या माणसाला हॉटेलबद्दल जो सल्ला मिळतो, तो सगळा खोलीबद्दलचा असतो. खोली ऐसपैस आहे का, एसी चालतो का, गरम पाणी चोवीस तास येतं का, नाश्ता भाड्यातच धरलाय का, हे आधी फोनवर विचारून घे, असं शेजारी सांगतात, मेहुणे सांगतात, आणि मुंबईला फक्त हायकोर्टाच्या तारखांना जाऊन आलेले काका तर विशेष जोर देऊन सांगतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुंबई बघायची असेल तर खोली गैरसोयीचीच असावी. फक्त ती गैरसोय शहराच्या ऐन मध्यावर असावी. सीएसएमटीसमोरच्या गल्ल्या, फोर्ट, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि जरा पुढे कुलाबा, एवढ्या पट्ट्यात अशी गैरसोय अजून माफक दरात मिळते. पाटीवर ‘रेसिडेन्सी’ असो, ‘गेस्ट हाउस’ असो की ‘इंटरनॅशनल’ असो, जिना चढून आत गेल्यावर तो लॉजच असतो. आणि चौघांच्या कुटुंबाला मुंबई दाखवण्याच्या कामी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. हे थट्टेचं वाटेल, म्हणून पुराव्यानिशी बोलतो.

आधी खोली बघू. फोर्टातल्या जुन्या इमारतींचे मजले चांगले बारा-चौदा फूट उंच. हवा खेळती राहावी म्हणून तेव्हा छत वर नेलेलं. पुढे कुणीतरी त्या मोठ्या दालनात प्लायवूडच्या भिंती घातल्या आणि एकाच्या सहा खोल्या केल्या. लांबी-रुंदीची वाटणी झाली, पण उंचीची वाटणी करता येत नाही, त्यामुळे ती प्रत्येक खोलीच्या वाट्याला पूर्ण आली. आगपेटी उभी ठेवावी तशी ही खोली असते: आठ बाय दहाची जमीन आणि वर तेरा फूट मोकळं आकाश. आडवी करता आली असती तर मोठी प्रशस्त झाली असती. छताजवळ नक्षीदार कमान आहे, पण तिचा डावा अर्धा भाग ३०४ मध्ये आणि उजवा ३०५ मध्ये. ३०५ मधल्या गृहस्थांचं घोरणं मात्र दोन्हीकडे अखंड पोचतं. खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे तीन पाइप, एक विसरलेला मोजा आणि घुमणारे पारवे. डबल बेडने जमीन गिळलेली असते. उरलेल्या पट्टीत ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे एक गादी अंथरली की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं आणि वडिलांना पोट आत ओढून आडवं शिरावं लागतं. दारावर सूचना चिकटवलेली असते, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’. टीव्ही आहे, पण रिमोट काउंटरवर मागावा लागतो, आणि तो मिळाला तरी सेल मिळतीलच असं नाही.

आता या खोलीत चार माणसं किती वेळ बसतील याचा हिशेब करा. गरम पाणी नऊला जातं, म्हणजे साडेआठपर्यंत चारी आंघोळी उरकलेल्या असतात. आंघोळ झालेल्या माणसाला उभं राहायला जागा नसते, म्हणून तो पॅसेजमध्ये जातो. पॅसेजमध्ये रूमबॉय चादरींचे गठ्ठे घेऊन उभा असतो, म्हणून तो खाली जातो. आणि खाली गेला की तो मुंबईत असतो. नऊच्या ठोक्याला अख्खं कुटुंब रस्त्यावर, पावडर लावून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार. हेच कुटुंब प्रशस्त खोलीत ठेवा. मुलं पलंगावर उड्या मारतील, मग रिमोटसाठी भांडतील. वडील ‘जरा पाठ टेकतो’ म्हणतील. आई, घरी कधी मिळत नाही तो निवांत दुसरा चहा मागवेल, आणि तिच्या जागी कुणीही मागवेल. फुकटचा नाश्ता साडेदहापर्यंत असल्यामुळे तो साडेदहापर्यंत खाल्ला जाईल, कारण भाड्यात धरलेली इडली टाकून उठणं आपल्या रक्तात नाही. साडेअकराला ऊन चढेल. ‘आता चारनंतरच निघू’ असं ठरेल. प्रवासात आळस माणसामुळे येतो असा आपला समज आहे. माझ्या मते तो गादीच्या जाडीमुळे येतो.

लॉजवर वेळेचाही आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. कोल्हापूरहून महालक्ष्मी, सोलापूरहून सिद्धेश्वर, मराठवाड्यातून देवगिरी, नागपूरकडून विदर्भ, या सगळ्या गाड्या सकाळच्या प्रहरी सीएसएमटीला येऊन टेकतात. बड्या हॉटेलांचं चेक-इन दुपारी. मधल्या पाच-सहा तासांत बॅगा, पेंगुळलेली मुलं आणि दात न घासलेले आईवडील यांचं काय करायचं याचं उत्तर त्या हॉटेलांकडे नाही. लॉबीत बसा म्हणतात आणि आपण बसलो की आपल्याकडे बघतात. स्टेशनसमोरच्या लॉजांपैकी बरेच अजून ‘२४ तास चेक-आउट’ या जुन्या रिवाजाने चालतात: ज्या वेळी आलात, त्याच वेळी दुसऱ्या दिवशी सुटलात. रात्रभर प्रवास करून पहाटे उतरणाऱ्या माणसासाठी याहून शहाणा नियम नाही. तिथेही कधीकधी मॅनेजर ‘रूम रेडी होतेय साहेब, अर्धा तास’ म्हणतो. त्यावर चिडण्याआधी गेटवे ऑफ इंडियाचा इतिहास आठवावा. १९११ च्या डिसेंबरमध्ये पंचम जॉर्ज बादशहा राणीसह अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताची ही कमान रेडी नव्हती. बादशहांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवून वेळ मारून नेली आणि खरी कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ ला. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याच्या धन्याला तेरा वर्षं थांबावं लागलं; आपल्याला अर्धा तास म्हटलंय आणि पुठ्ठाही दाखवलेला नाही.

पण खोली वाईट असणं हा माझ्या मुद्द्याचा अर्धाच भाग. ती नुसती वाईट असून भागत नाही, ती जवळ असावी लागते, आणि इथे कौटुंबिक पर्यटनाचा तो नियम लागू होतो जो कुठल्याच पुस्तिकेत छापत नाहीत. कुटुंबाच्या भटकंतीचा पल्ला त्यातल्या सर्वांत लहान सदस्याच्या मूत्राशयावर ठरतो. वडिलांचा स्टॅमिना, आईचा उत्साह, गाइडचं ज्ञान, सगळं त्या एका ‘बाबा, शू’ पुढे फोल आहे. मुंबईत सार्वजनिक स्वच्छतागृहं नाहीत असं नाही, पण हवं तेव्हा हवं तिथे नाहीत, आणि असतात तिथे सुट्टे लागतात. लॉज सीएसएमटीपाशी असेल तर गेटवे फार तर अडीच किलोमीटरवर, म्युझियम त्याच्या अलीकडे, हॉर्निमन सर्कल हाकेच्या अंतरावर. दुपारी दोनला मुलगी कुरकुरायला लागली की दहा मिनिटांत टॅक्सीने खोलीवर, तासभर झोप, पुन्हा बाहेर. कुणी म्हणेल, वाशीत किंवा अंधेरीत याच पैशांत दुप्पट मोठी खोली मिळते. मिळते ना. पण वाशीहून सीएसएमटी लोकलने पाऊण तासाच्या पुढेच, आणि सकाळच्या गर्दीत दोन मुलं, एक सॅक आणि एक आजी यांना घेऊन चढणं हा पर्यटनाचा नव्हे, शौर्यपदकाचा विषय आहे. दुपारी परतून पुन्हा यायचं तर प्रश्नच मिटला. मोठी खोली रिकामी पडून राहते, कुटुंब एखाद्या दुकानाच्या पायरीवर पेंगतं, आणि दिवसाच्या शेवटी जो वाद होतो त्यात ‘तूच बुक केलं होतंस’ हे वाक्य येतंच.

त्या चालत्या पल्ल्यात काय काय येतं ते पाहिलं की मोठ्या खोलीचा मोह आणखी कमी होतो. तिकीट न काढता बघायची पहिली गोष्ट म्हणजे ज्या स्टेशनवर उतरलात ते स्टेशन. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने रचलेली ही इमारत १८७८ पासून दहा वर्षं बांधत होते, आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवलं. पण मुलांना वारशात रस नसतो, प्राण्यांत असतो. त्यांना सांगावं की दगडात प्राणी शोधा. फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे, सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला. त्याशिवाय कोरीव कामात मोर, माकडं, खारी लपलेल्या आहेत. अर्धा तास सहज जातो आणि मान वर करून चालल्यामुळे मुलं हरवायला येतात, तेवढं सांभाळावं. तिथून एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत विद्वानांसाठी असली तरी पायऱ्या कुटुंबांसाठीच बांधल्या असाव्यात. एका ओळीत चार जण बसवून फोटो काढायला मुंबईत दुसरी इतकी सरळ सोय नाही. फोर्टातच रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. लॉजचं बिल भरल्यावर पैसे कसे दिसतात हे मुलांना दाखवायला योग्य जागा. म्युझियमचं अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते जनतेला १९२२ मध्ये खुलं झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. त्याचे आणि गेटवेचे वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. मोठ्यांनी लघुचित्रांपुढे थबकावं अशी आपली इच्छा असते. मुलं भुसा भरलेल्या प्राण्यांकडे धावतात, आणि आईवडील ‘चला, त्यांच्यासाठी’ म्हणत सुटकेचा नि:श्वास टाकून मागोमाग जातात.

गेटवेपाशी एक गंमत दिसते. लोक समुद्राकडे आणि कमानीकडे बघून एक फोटो काढतात, मग वळतात आणि उरलेले वीस फोटो समोरच्या ताजचे काढतात. ताजमध्ये समुद्राच्या बाजूची खोली घेणारे पाहुणे एका रात्रीला जे मोजतात, ते मुख्यत्वे खिडकीतून गेटवे दिसावा म्हणून. म्हणजे त्यांना गेटवे दिसतो आणि आपल्याला गेटवेही दिसतो, ताजही दिसतो. १९०३ मध्ये उघडलेल्या त्या हॉटेलाचं सगळं सौंदर्य बाहेरच्या बाजूला आहे आणि बाहेरची बाजू फुकट आहे. आतल्या माणसाला ताज दिसत नाही, हा त्याच्या भाड्यातला मोठाच तोटा.

गेटवेवरून घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची, लाँच सुटते. सोमवारी लेणी बंद असतात, हे आपल्याला सोमवारी कळतं. तासाभराच्या त्या प्रवासात थोडे जास्त पैसे देऊन वरच्या डेकवर बसता येतं, आणि ते द्यावेत, कारण मुलांच्या लेखी सहल ती तेवढीच. थंडीत सीगल पक्षी लाँचच्या मागे लागतात, धक्क्यावर उतरलं की एक खेळण्यातली वाटावी अशी गाडी आहे, मग शंभरावर पायऱ्या आणि दोन्हीकडे टोप्या आणि माळा विकणाऱ्यांच्या रांगा, आणि पायऱ्यांवर माकडं, जी मुलाच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली घेऊन तिचं झाकण त्याच्यापेक्षा सफाईने उघडतात. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी डोली मिळते. एवढं सगळं झाल्यावर वर महेशमूर्ती आहे, वीस फुटांच्या आसपास उंच, आणि तिच्यापुढे सगळेच गप्प होतात. पाच मिनिटं का होईना. मग मुलगा विचारतो, ‘एलिफंटा आहे तर हत्ती कुठंय?’ प्रश्न रास्त आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला हे नाव दिलं, तो १८६४ मध्ये विलायतेला न्यायचा बेत होता. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले आणि आज तो हत्ती राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. माझ्या बाजूने याहून थोर साक्षीदार नाही. बेटावर ऐसपैस जागा होती, समुद्राची हवा होती, तरी शेवटी त्यालाही शहराच्या मध्यावरच उतरावं लागलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी राणीची बाग. ही बुधवारी बंद. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगावं. इथलं मुख्य आकर्षण हल्ली पेंग्विन आहेत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आलेले हे पाहुणे २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. काचेमागे थंडगार एसी, पोहायला पाणी, वेळेवर मासे, स्वच्छ फरशी. नॉन-एसी खोलीतून आलेलं कुटुंब त्या काचेपुढे बराच वेळ उभं राहतं आणि त्यात केवळ प्राणिप्रेम नसतं. पण नीट बघितलं तर पेंग्विन माझंच म्हणणं सिद्ध करतात. इतकी उत्तम खोली मिळाल्यामुळे त्यांनी आजवर मुंबई मुळीच पाहिलेली नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम स्वस्तात उरकतो. जुन्या लाल डिझेल डबलडेकर बसगाड्यांनी १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेतला. आता एसी विजेच्या डबलडेकर आहेत, त्यातली ११५ नंबरची सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळावी म्हणून मुलांइतकेच वडीलही धावतात, फक्त ते ‘मुलांसाठी’ धावतात. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला भाडं नाही, चेक-आउट नाही. मलबार हिलवर हँगिंग गार्डन. ते पाण्याच्या टाकीवर उभं आहे हे मुलांना सांगितलं की ती पाय आपटून बघतात. समोर कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट. तीन पिढ्यांची मुलं या बुटात चढून खिडकीतून हात हलवत आली आहेत आणि खालून आई ‘अरे, इकडे बघ’ म्हणत आली आहे. ढीगभर पोरांना घेऊन एका बुटात राहणारी ही म्हातारी म्हणजे एक्स्ट्रा बेडचे पैसे वाचवणारी आद्य पर्यटक असावी. ३०४ मध्ये उतरलेली मुलं त्या बुटात शिरली की त्यांना तो मोठा वाटतो.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो पैशांचा नाही, नात्याचा आहे. ‘डोंबिवलीला आत्या असताना लॉज कशाला?’ आत्याचं घर फुकट असतं असं मानणाऱ्याने एकदा हिशेब मांडावा. जाताना मिठाईचा पुडा, आत्याच्या सुनेला साडी, नातवाला खेळणं, निघताना मुलांच्या हातावर ठेवलेली पाकिटं परतवण्याची झटापट. शिवाय आत्याकडे उतरलं की दोन दिवसांतला एक दिवस आत्याकडेच जातो, कारण तिने श्रीखंड केलेलं असतं आणि श्रीखंडानंतर कुणी गेटवेला जात नाही. आत्या स्वतः चाळीस वर्षं मुंबईत राहून घारापुरीला गेलेली नसते, आणि ‘काय आहे तिथं, दगड’ हे तिचं मत ती मोकळेपणाने देते. मान्य, तिला वाईट वाटेल. पण या बाबतीत आपल्यापुढे मोठा दाखला आहे. लोकमान्य टिळक मुंबईला आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. ज्यांच्यासाठी मुंबईतल्या कुठल्याही मराठी घराने दार उघडलं असतं, आणि उघडून धन्यता मानली असती, त्यांनी लॉजिंग-बोर्डिंगची जागा पसंत केली; १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. कामासाठी शहरात आलेल्या माणसाने कामाच्या जवळ राहावं, एवढा व्यवहार त्यांच्या वागण्यात दिसतो. आत्याला हे सांगून पाहावं. टिळकांचं नाव घेतल्यावर ती निदान फोन तरी ठेवणार नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. ‘सुट्टीत तरी चांगल्या हॉटेलात राहू द्या.’ याला माझं उत्तर काळा घोड्याजवळ उभं आहे. वॉटसन्स हॉटेल, एकेकाळचं मुंबईतलं सगळ्यात दिमाखदार. इंग्लंडमध्ये घडवलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा जहाजाने आणून इथे उभारलेला. ७ जुलै १८९६ ला लुमिए बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, तिकीट एक रुपया. पुढे हॉटेल बंद पडलं, इमारतीचं नाव बदललं, आणि त्या दालनांत पार्टिशनं पडून लहान-लहान खोल्या आणि कचेऱ्या झाल्या. म्हणजे दिमाखाच्या शेवटी काय उरतं, तर प्लायवूड. लॉज सुरुवातच प्लायवूडने करतो, त्यामुळे त्याला खाली घसरायला जागा नाही. राहता राहिला पोहण्याचा तलाव. बड्या हॉटेलात तलाव असतो हे खरं, आणि मुलांनी तो एकदा पाहिला की मुंबई संपली हेही खरं. आठशे रुपयांचा नवा पोहण्याचा पोशाख घालून ती दोन दिवस पाण्यात राहतात, आणि परत गेल्यावर निबंधात ‘मुंबईत खूप पाणी आहे’ असं लिहितात.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. गैरसोय वेगळी आणि घाण वेगळी. अडचण वेगळी आणि धोका वेगळा. ढेकूण, ओलसर उशी, आतून न लागणारी कडी, जिन्यात रचलेले गॅस सिलिंडर आणि एकच अरुंद वाट, यांतली एकही गोष्ट दिसली तर माझा सगळा युक्तिवाद तिथल्या तिथे मागे घेतो आणि बॅगा उचलायला सांगतो. अ‍ॅपवरच्या फोटोंवर विसंबू नये. ते छताच्या कोपऱ्यातून काढलेले असतात आणि तेरा फूट उंचीचा तेवढाच एक उपयोग आहे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही मिनिटं मॅनेजरच्या पायांची असतात, ट्रॉली बॅग ओढणाऱ्याची नव्हेत. आधी खोली दाखवा म्हणावं, चादर उचलून गादीची शिवण बघावी, नळ सोडून बघावा, जिना किती आणि दुसरी वाट कुठे हे विचारावं, मगच आधार कार्ड काउंटरवर ठेवावं. चांगला मॅनेजर याचा राग मानत नाही. वाईट मानतो, आणि तोही उपयोगाचा पुरावा असतो. साधी, स्वच्छ, अडचणीची खोली दोन-तीन हजारांच्या आत मिळत असेल तर घ्यावी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात १२ टक्क्यांवरून ५ वर आला. दोन हजारांच्या खोलीमागे दिवसाला १४० रुपये वाचले. त्यात चौघांचं एसी बसचं किमान भाडं, माणशी बारा रुपयांप्रमाणे, जाऊन-येऊन शहाण्णव रुपयांत भागतं आणि उरलेल्या चव्वेचाळीसांचे शेंगदाणे येतात. सरकारने पर्यटनाला दिलेलं हे प्रोत्साहन कट्ट्यावर बसून खाता येतं.

या सगळ्या युक्तिवादाची कसोटी शेवटच्या दिवशी लागते. सकाळी खोली सोडायची, आणि परतीच्या गाड्या तर रात्रीच्या. चेक-आउटच्या बाबतीत मुंबईचा इतिहास तसा सैल आहे: इंग्रजांची वेळ १५ ऑगस्ट १९४७ ला भरली, पण त्यांची शेवटची फौज गेटवेतून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ ला, आणि साडेसहा महिन्यांचं जादा भाडं कुणी लावल्याचं ऐकिवात नाही. लॉजवाला मात्र तासाचा हिशेब ठेवतो. म्हणून बॅगा काउंटरमागे ठेवल्या जातात, ‘ग्राहकांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी’ या पाटीच्या बरोबर खाली, आणि कुटुंब दहा-बारा तासांसाठी पूर्णपणे बिनखोलीचं होतं. त्या दिवशी ते सर्वांत जास्त मुंबई बघतं: राहिलेलं म्युझियम, क्रॉफर्ड मार्केटातली फळं, फॅशन स्ट्रीटवरचा टी-शर्ट, पुन्हा एकदा ११५ नंबर. यावर कुणी चतुर माणूस म्हणेल, मग तुमच्याच तर्काने खोली घ्यावीच कशाला, बॅगा ठेवायला जागा मिळाली की झालं. त्याला मी एवढंच सांगेन की चार वाजता, टी-शर्टाची घासाघीस ऐन रंगात आलेली असताना, मुलगी आईचा पदर ओढते. मग सगळे लगबगीने लॉजवर येतात. खोलीत आता दुसरं कुटुंब उतरलेलं असतं, आणि मॅनेजर रजिस्टरमधून मान वर न काढता पेनाने जिन्याच्या वळणावरचं दार दाखवतो.